वस्ती वेगळी, मरण वेगळे : पिट्सबर्गच्या फ्रीडम हाऊसचा इतिहास आणि आपण

मरण सगळ्यांना सारखेच, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. कीर्तनात म्हणतात, मयतीला जमल्यावरही म्हणतात. वस्तुस्थिती तशी नाही. रस्त्यात एखाद्याचे हृदय बंद पडते, तेव्हा तो कोणत्या वस्तीत कोसळला यावर तो जगणार की मरणार हे बरेचसे ठरते. आणि ती वस्ती तिथे आपोआप झालेली नसते. ती कोणीतरी तिथे टाकलेली असते.

आम्ही हे भावनेच्या भरात लिहीत नाही. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या २९ ठिकाणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्या १४ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती त्यात होती. प्रश्न साधा होता : ॲम्ब्युलन्स येण्याआधी आजूबाजूच्या कोणी त्या माणसाची छाती दाबून रक्त फिरते ठेवले का? म्हणजे ज्याला सीपीआर म्हणतात, तो दिला का? तो मिळाला नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. उत्तर असे आले की श्रीमंत गोऱ्या वस्तीच्या तुलनेत गरीब कृष्णवर्णीय वस्तीत ही मदत मिळण्याची शक्यता निम्म्यावर येते.

गरीब गोऱ्या वस्तीतही ती कमीच आहे, हे त्याच अभ्यासात आहे आणि ते लपवायचे काही कारण नाही. पण त्यात आणखी एक आकडा आहे. श्रीमंत कृष्णवर्णीय वस्तीत राहणाऱ्यालाही श्रीमंत गोऱ्या वस्तीपेक्षा कमी मदत मिळते. पैसा आला, घर आले, गाडी आली, तरी फरक राहिला. "जात बघू नका, वर्ग बघा" असे आम्हाला गेली कित्येक वर्षे शिकवणाऱ्या मित्रांनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा.

याचा अर्थ त्या वस्तीतले शेजारी निर्दय असतात असा काढणारे लोक आहेत. ते चूक आहे. सीपीआरचे प्रशिक्षण कुठे होते? ऑफिसात, कॉलेजात, क्लबात. ते ज्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही त्यांच्याकडून त्याची अपेक्षा कशी करायची? दुसरे कारण भीतीचे. डेन्व्हर शहरातल्या लॅटिनो वस्त्यांमध्ये संशोधकांनी लोकांशी बोलून विचारले की तुम्ही ९११ ला फोन का करत नाही, तेव्हा एक कारण पुन्हा पुन्हा पुढे आले : पोलीस. आपण बोलावणार ॲम्ब्युलन्स आणि दारात येणार पोलीस. वस्तीत काम करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्त्याला ही भीती समजावून सांगावी लागणार नाही.

आता ही वस्ती तिथे कशी आली ते पाहू. १९३० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार केले आणि प्रत्येक वस्तीला दर्जा दिला. सर्वांत खालच्या दर्जाला लाल रंग. कृष्णवर्णीय वस्त्या जवळपास सगळ्याच लाल. घरकर्जाच्या दृष्टीने त्या धोकादायक ठरल्या, तिथे पैसा गेला नाही आणि घरे पडत गेली. गोऱ्या वस्तीत घर घ्यायला गेले तर खरेदीखतातच अट लिहिलेली असे की हे घर काळ्या माणसाला विकता येणार नाही. अमेरिकन सुप्रीम कोर्टाने १९४८ मध्ये सांगितले की अशी अट कोर्टातून बजावून घेता येणार नाही, पण घर देताना वंश पाहायला बंदी करणारा कायदा यायला १९६८ उजाडले. समाजशास्त्राच्या पुस्तकांत याला वांशिक पृथक्करण म्हणतात. आपल्याकडे त्याला गावकुसाबाहेर म्हणतात. दोन्हींचा इतिहास वेगळा, धार्मिक आधार वेगळा, आणि ते एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण माणूस आजारी पडला की दोन्ही सारखे काम करतात.

ते काम कसे चालते याबद्दल एक गैरसमज आहे. आपल्याला वाटते की भेदभाव म्हणजे दवाखान्याच्या दारात कोणीतरी उभे राहून "चालता हो" म्हणणे. प्रसिद्ध ब्लूज गायिका बेसी स्मिथ यांच्याबद्दल अशीच गोष्ट सांगितली जाते. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये मिसिसिपी राज्यात क्लार्क्सडेलजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला, गोऱ्यांच्या हॉस्पिटलने त्यांना घेतले नाही आणि रक्तस्राव होऊन त्या गेल्या, अशी ती गोष्ट. ती वर्षानुवर्षे छापली गेली, तिच्यावर नाटकही आले. प्रत्यक्षात त्यांना थेट कृष्णवर्णीयांच्या हॉस्पिटलमध्ये नेले होते आणि तिथेच त्यांचा मृत्यू झाला. अपघातस्थळी पोहोचलेल्या गोऱ्या डॉक्टरांनी नंतर सांगितले की त्या काळी त्या भागातला कोणताही ड्रायव्हर काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉस्पिटलात नेण्याचा विचारसुद्धा केला नसता. आम्हाला ही खरी हकीकत त्या खोट्या गोष्टीपेक्षा जास्त भयंकर वाटते. कारण तिच्यात नकार देणारा कोणी सापडतच नाही. दार लावायची वेळच येत नाही, रस्ताच तिकडे वळत नाही.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये काठेवाडातल्या अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे, ती इथे आठवते. १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आलेल्या पत्रावरून त्यांनी ती घेतली. बाळंतपणानंतर बायको आजारी पडली. डॉक्टर म्हणाला, मी वस्तीत येणार नाही आणि तिला तपासणारही नाही. गावातल्या बड्या लोकांनी मध्ये पडून दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा तो आला, पण अट घालून : बाईला वस्तीच्या बाहेर आणा. दोन दिवसांची बाळंतीण बाहेर आणली. थर्मामीटर डॉक्टरने एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या हातात दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. निदान न्यूमोनियाचे झाले. पुन्हा बोलावले तर डॉक्टर आला नाही. ती गेली. आपण ही हकीकत वाचताना थर्मामीटरवर थांबतो, कारण तो विटाळ डोळ्यांना दिसतो. आम्हाला मात्र 'वस्तीच्या बाहेर आणा' ही अट जास्त महत्त्वाची वाटते. उपचार वस्तीत येणार नाही, रुग्णाने हद्द ओलांडून उपचाराकडे यायचे, ही ती व्यवस्था आहे.

अमेरिकेत कायद्याने ही व्यवस्था मोडायला १९६० चे दशक लागले. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने हॉस्पिटले बांधायला केंद्राचा पैसा दिला आणि त्यातच 'वेगळे पण समान' चालेल अशी सोय ठेवली. नॉर्थ कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीय डॉक्टर, दंतवैद्य आणि रुग्णांनी कोर्टात जाऊन १९६३ मध्ये ती सोय घटनाबाह्य ठरवून घेतली. पुढच्या वर्षी नागरी हक्क कायदा आला. १९६६ मध्ये मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर वॉर्ड एकत्र करा, असे सरकारने सांगितल्यावर हॉस्पिटलांच्या पाट्या उतरल्या. दार उघडले. पण त्या दारापर्यंत न्यायचे कोणी?

इथून पिट्सबर्गचा इतिहास सुरू होतो आणि तो आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असायला हवा असे आमचे मत आहे.

पिट्सबर्ग हे पेनसिल्व्हेनिया राज्यातले पोलाद कारखान्यांचे शहर. तिथला हिल डिस्ट्रिक्ट म्हणजे कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. जाझचे क्लब, स्वतःचे वर्तमानपत्र, दुकाने असा तिचा थाट होता. नाटककार ऑगस्ट विल्सन याच वस्तीतले, त्यांची बहुतेक नाटके तिथेच घडतात. १९५० च्या दशकात शहराने 'विकासा'साठी लोअर हिल हा भाग पाडला. सुमारे आठ हजार माणसे आणि शेकडो धंदे उठवले. त्या जागी मोठे क्रीडागृह आणि भोवती वाहनतळ झाले. ते क्रीडागृहही आता पाडले आहे. वस्ती काही परत आली नाही.

या वस्तीत १९६० च्या दशकात कोणी आजारी पडले तर काय होत होते? पोलीस व्हॅन येत होती. त्या काळी अमेरिकेत ॲम्ब्युलन्स म्हणजे बहुतेक ठिकाणी एकतर अंत्यविधी करणाऱ्या धंदेवाल्याची शववाहिका, नाहीतर पोलिसांची गाडी. पिट्सबर्गमध्ये पोलीस. गुन्हेगार ज्या गाडीतून न्यायचे तीच गाडी. रुग्णाला मागे ठेवायचे, दोघे पोलीस पुढे बसायचे, गाडी पळवायची. मागे रुग्णाचा श्वास अडकला तरी बघायला कोणी नाही. आणि हिलमध्ये तर पोलीस येतील की नाही, कधी येतील, आल्यावर रुग्णाला उचलतील की "दारू प्यायलाय" म्हणून सोडून जातील, याचा भरवसा नव्हता. ज्यांच्या काठीची भीती त्यांनाच प्राण वाचवायला बोलवायचे. म्हणून पुष्कळ लोक बोलावतच नसत.

गंमत अशी की ही वाईट व्यवस्था बड्या माणसालाही वाचवू शकली नाही. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गचे माजी महापौर आणि राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स प्रचारसभेत भाषण करताना हृदय बंद पडून कोसळले. त्यांनाही पोलिसांच्याच गाडीतून नेले. हॉस्पिटलात हृदय सुरू झाले, पण मेंदूला तोवर फार वेळ प्राणवायू मिळाला नव्हता. काही दिवसांनी ते वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत डॉ. पीटर सफार होते. व्हिएन्नात वाढलेले भूलतज्ज्ञ, तोंडाने श्वास देण्याची पद्धत शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध करणारे आणि सीपीआर आज जसा शिकवतात तसा बसवणारे. त्याच वर्षी त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली होती. हॉस्पिटलात पोहोचेपर्यंतच्या त्या मिनिटांत काही करता येते, हे जगात ज्या थोड्यांना ठाऊक होते त्यांपैकी ते एक होते. त्यांनी रुग्णवाहिकेची नवी कल्पना मांडली : आत उभे राहून उपचार करता येतील अशी गाडी, आणि तिच्यात प्रशिक्षित माणूस.

माणूस कुठून आणायचा? फाल्क मेडिकल फंड या निधीचे प्रमुख फिल हॅलन पूर्वी स्वतः ॲम्ब्युलन्स चालवत. त्यांनी हिलमध्ये कृष्णवर्णीयांना रोजगार मिळवून देणाऱ्या फ्रीडम हाऊस एंटरप्रायझेस या संस्थेची आणि सफारांची गाठ घालून दिली. १९६७ मध्ये पहिली तुकडी भरती झाली. पोरे कोण? हिलमधलीच. बरेच जण बेकार, काहींनी शाळा सोडलेली, काही व्हिएतनामहून परतलेले, काहींच्या नावावर पोलीस केस. त्यांना सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण दिले. शरीररचना, श्वसनमार्ग मोकळा करणे, सीपीआर, शुश्रूषा, गाडी चालवणे. हॉस्पिटलातल्या वॉर्डांत आणि शस्त्रक्रियागृहात उभे करून शिकवले. देशातल्या बहुतेक ॲम्ब्युलन्सवाल्यांना तेव्हा साधे प्रथमोपचारही धड येत नव्हते.

सफार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामावर १९७२ मध्ये शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकात या पोरांचे वर्णन 'नोकरीस अपात्र कृष्णवर्णीय' असे आहे. अवतरणचिन्हांत का होईना, पण आहे. ज्यांच्यामुळे निबंध लिहायला मिळाला त्यांच्या नावापुढे हा शिक्का. चांगल्या माणसांच्या चांगुलपणातही ही ठेच लागते, आणि आपण ती लागल्याचे सांगितले तर आपल्याला कृतघ्न म्हणतात.

१९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर हिल पेटले. त्याच वर्षी फ्रीडम हाऊसच्या गाड्या नियमित धावू लागल्या. पहिल्या वर्षात सुमारे ५,८०० कॉल, ४,६०० हून अधिक रुग्ण हॉस्पिटलात पोहोचवले, आणि सफारांच्या हिशेबाने सुमारे २०० माणसांचे प्राण वाचवले. जिथे आधी फोन करायलाही लोक कचरत होते तिथे आपल्याच गल्लीतला, आईला नावाने ओळखणारा पोरगा बॅग घेऊन जिना चढू लागला. पुढे ते हृदयाच्या विद्युत आलेखावरून डॉक्टरशी रेडिओवर बोलून झटका देणे, श्वासनलिकेत नळी घालणे अशी कामे रस्त्यावर करू लागले. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या पॅरामेडिकांत त्यांची गणना होते.

म्हणजे काही वर्षे पिट्सबर्गमध्ये उलटे चित्र होते. हिल आणि ओकलंडमध्ये देशातली उत्तम आपत्कालीन सेवा, आणि श्रीमंत गोऱ्या वस्त्यांमध्ये पोलीस व्हॅन. शहराच्या सत्तेला हे किती झोंबले असेल याची कल्पना करा. महापौर पीटर फ्लॅहर्टी यांच्या काळात फ्रीडम हाऊसला शहराचे पैसे वेळेवर मिळेनात, कार्यक्षेत्र वाढवून मिळेना. १९७४ मध्ये डॉ. नॅन्सी कॅरोलिन तिथे वैद्यकीय संचालक झाल्या. त्या रात्री-अपरात्री गाडीवर जात, तिथेच झोपत. केंद्र सरकारने पॅरामेडिकसाठी पहिला राष्ट्रीय अभ्यासक्रम बनवायचे काम त्यांच्याकडे दिले आणि तो फ्रीडम हाऊसच्या अनुभवावर उभा राहिला. त्यांचे पाठ्यपुस्तक आजही नव्या आवृत्त्यांत शिकवले जाते.

आणि नेमक्या याच वेळी, १५ ऑक्टोबर १९७५ रोजी, शहराने फ्रीडम हाऊस बंद करून स्वतःची ॲम्ब्युलन्स सेवा चालू केली. सेवा घेतली, पद्धत घेतली, माणसे टाकली. कॅरोलिन यांच्या आग्रहामुळे फ्रीडम हाऊसच्या लोकांना नव्या सेवेत घेतले खरे, पण मग परीक्षा आल्या, जुन्या पोलीस केस उकरल्या गेल्या, एकत्र काम केलेल्यांना वेगवेगळ्या गाड्यांवर टाकले, आणि ज्यांना काम येत नव्हते अशा गोऱ्या नवख्यांच्या हाताखाली उभे केले. एकेक करून बहुतेक जण बाहेर पडले. विसाव्या शतकाच्या अखेरीस पिट्सबर्गची ती सेवा जवळपास संपूर्ण गोरी झाली होती. मेरिटचा हा खेळ आपल्या ओळखीचा आहे. आधी म्हणायचे तुम्हाला येत नाही. तुम्ही शिकून करून दाखवले की म्हणायचे, हे काम तुमच्या पात्रतेचे नाही.

जॉन मून टिकले. हिलमध्ये राहणारे, आधी हॉस्पिटलात ऑर्डर्ली. दोन फ्रीडम हाऊसवाले एका वॉर्डात रुबाबात शिरताना पाहून त्यांनी ठरवले की आपणही हेच करायचे. शहराच्या सेवेत ते अपमान गिळत राहिले, पुढे सहायक प्रमुख झाले आणि २००९ मध्ये निवृत्त झाले. मधल्या काळात त्यांनी कृष्णवर्णीय तरुण-तरुणींना सेवेत आणायचा सपाटा लावला. त्यांनी आणलेल्यांपैकी अमेरा गिलख्रिस्ट पुढे त्या सेवेच्या प्रमुख झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला.

इथे पँथरचा विषय काढायलाच हवा. १९७० मध्ये ब्लॅक पँथर पार्टीने आपल्या प्रत्येक शाखेला मोफत दवाखाना उघडायला सांगितले. नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलमच्या शाखेने १९७४ मध्ये मोफत ॲम्ब्युलन्स चालू केली, कार्यकर्त्यांनी रीतसर प्रशिक्षण घेऊन. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच पक्षाचे नाव घेऊन. आजही पँथर म्हटले की आपल्या तरुणांना मोर्चा आठवतो, कविता आठवते, बंदूकवाला पोस्टर आठवतो. स्टेथोस्कोप आठवत नाही, रक्तदाब मोजणारी पँथर मुलगी आठवत नाही. मोर्चाला आम्ही कमी लेखत नाही, आम्हीही तिथलेच आहोत. पण नाव आपण घेतले तर पूर्ण वारसा घ्यायला काय हरकत होती, आणि आहे?

कोणी म्हणेल, हे जुने झाले. तर शिकागोचा दक्षिण भाग पाहा. बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्ती, गोळीबाराच्या घटना जास्त, आणि मध्यभागी शिकागो विद्यापीठाचे जगप्रसिद्ध हॉस्पिटल. त्या हॉस्पिटलने १९८८ मध्ये प्रौढांचे ट्रॉमा सेंटर परवडत नाही म्हणून बंद केले. काही वर्षांत जवळचे दुसरेही बंद झाले. मग गोळी लागलेल्या माणसाला मैलोन् मैल दूर न्यायचे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की शिकागोत ट्रॉमा सेंटरपासून पाच मैलांपेक्षा दूर गोळी लागलेल्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त होते. २०१९ च्या दुसऱ्या एका अभ्यासाने शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क यांची तुलना केली. शिकागोत कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेला भाग अशा 'ट्रॉमा वाळवंटा'त असण्याची शक्यता गोऱ्या भागाच्या आठपटींहून जास्त निघाली. हे आकडे दक्षिण भागात नवे केंद्र होण्याआधीच्या नकाशावरचे आहेत.

ते नवे केंद्र कसे झाले, हे आपल्या पोरांनी मुद्दाम वाचावे. २०१० च्या ऑगस्टमध्ये डेमियन टर्नर या १८ वर्षांच्या तरुण कार्यकर्त्याला विद्यापीठाच्या हॉस्पिटलपासून काही चौक अंतरावर भरकटलेली गोळी लागली. त्या हॉस्पिटलात लहान मुलांचे ट्रॉमा सेंटर होते, पण तो लहान नव्हता. त्याला आठ-दहा मैलांवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलला नेले आणि तिथे तो वारला. तो ज्या युवक गटाच्या स्थापनेत होता त्या गटाने मागणी धरली : ट्रॉमा सेंटर द्या. विद्यापीठ म्हणाले, खर्च झेपणार नाही. याच काळात विद्यापीठ हॉस्पिटलची कोट्यवधी डॉलरची नवी इमारत बांधत होते. पोरे त्या नव्या इमारतीत शिरून बसली, २०१३ मध्ये काहींना अटक झाली. विद्यापीठ ओबामांचे ग्रंथालय आपल्या भागात यावे म्हणून धडपडत होते, तर पोरांनी नेमके तेच धरून प्रश्न विचारायला सुरुवात केली. आधी मुलांच्या सेंटरची वयोमर्यादा थोडी वाढवून दिली. मग दुसऱ्याच एका हॉस्पिटलात मिळून सेंटर करू असे ठरले. डिसेंबर २०१५ मध्ये विद्यापीठाने स्वतःच्या आवारातच ते करायचे मान्य केले.

१ मे २०१८ रोजी ते सुरू झाले. बंद झाल्यापासून तीस वर्षांनी. त्यांतली शेवटची आठ वर्षे डेमियनच्या दोस्तांनी आणि त्याच्या आईने रस्त्यावर काढली होती.